विषाच्या सान्निध्यातील श्रम : कीटकनाशके, जंतुनाशके आणि कामगाराचे आरोग्य

(जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजचा विषय आपल्या अभ्यासक्रमात एका जागी सापडत नाही. कीटकनाशके ‘कृषी’ या घटकात येतात, जंतुनाशके ‘सार्वजनिक आरोग्य’ या घटकात, तर कामगारांची सुरक्षितता ‘कामगार कायदे’ या प्रकरणात. तीन वेगवेगळ्या वह्यांत टिपणे काढून आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. परंतु ज्या माणसाच्या पाठीवर फवारणीचा पंप आहे किंवा ज्या बाईच्या हातात फिनेलची बादली आहे, तिच्या दृष्टीने हे तीन विषय नाहीत. ते तिचे रोजचे काम आहे. या कामातून उद्भवणाऱ्या आरोग्याच्या धोक्यांचा, त्यांविषयीच्या कायद्यांचा आणि त्या कायद्यांच्या मर्यादांचा विचार आज आपल्याला करायचा आहे.

त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. जबलपूर शहराभोवती एक फेरी मारली तरी पुरे. पाटण आणि शहपुरा या भागांत हिवाळ्यात हिरव्या मटाराची शेती होते. तेथे शेंग भरण्याच्या सुमारास फवारणी चालते. याच शहरात १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेची तणांवर संशोधन करणारी संस्था १९८९ पासून येथेच कार्यरत आहे. तणनाशकांच्या योग्य मात्रेचा अभ्यास करणारी ही देशातील प्रमुख संस्था होय. शहराच्या दक्षिणेस मंडला आणि डिंडोरी हे गोंड व बैगा समाजांचे जिल्हे आहेत. तेथे हिवतापाच्या डासांना रोखण्यासाठी घरांच्या भिंतींवर कीटकनाशक फवारले जाते. त्या भागातील आरोग्याच्या प्रश्नांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जनजाती आरोग्य संशोधन संस्था १९८४ मध्ये जबलपूरला सुरू झाली. १९५५ पासूनचे वैद्यकीय महाविद्यालय येथे आहे आणि २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही येथेच आले. रुग्णालयाच्या फरशा रोज जंतुनाशकाने पुसाव्या लागतात. रेल्वेच्या डब्यांत झुरळे व उंदीर यांच्यासाठी औषध फवारावे लागते.

शेत, आदिवासी गावातील घराची भिंत, रुग्णालयाची फरशी आणि रेल्वेचा डबा, अशी ही चार कामाची ठिकाणे आहेत. कारखान्याला फाटक असते, हजेरीपट असतो, मालकाचे नाव पाटीवर लिहिलेले असते. या चार ठिकाणी काम करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मात्र रोजंदारीवर, हंगामी किंवा कंत्राटदाराच्या हाताखाली असतात. ज्याचा विषाशी सर्वांत जवळचा संबंध, त्याचीच सर्वांत कमी नोंद, हे या प्रश्नाचे मूळ आहे. आजच्या सर्व विवेचनाचा रोख याच एका मुद्द्याकडे आहे.

विष शरीरात कसे शिरते?

रसायन शरीरात शिरण्याचे तीन मार्ग आहेत : तोंड, श्वास आणि त्वचा. विषबाधा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तोंडावाटे घेतलेले विष येते. शेतातील फवारणीत मात्र सर्वांत मोठा मार्ग त्वचेचा असतो. मान, कपाळ, काख, जांघ येथील त्वचेतून रसायन तळव्याच्या जाड कातडीपेक्षा कितीतरी लवकर झिरपते. पाठीवरचा पंप थोडा जरी गळका असला तरी सदरा भिजतो, आणि भिजलेला सदरा तासन् तास अंगाला चिकटून राहतो. त्यात घाम आला की शोषण आणखी वाढते. बियाणे हाताळलेल्या किंवा औषध कालवलेल्या हाताने भाकरी खाल्ली अथवा बिडी ओढली, तर तोंडाचा मार्गही खुला होतो.

आपल्याकडे दीर्घकाळ वापरात असलेल्या सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकांचे कार्य समजून घेणे उपयुक्त ठरेल. मज्जातंतू स्नायूंना संदेश देतात तो ॲसिटिलकोलिन या द्रव्याच्या साहाय्याने. संदेश पोहोचला की कोलिनेस्टरेज हे विकर त्या द्रव्याचे विघटन करते आणि स्नायू पूर्वस्थितीत येतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, मॅलेथिऑन ही रसायने नेमके हे विकर निकामी करतात. मग संदेश थांबतच नाही. डोळ्यांतील बाहुली आकुंचन पावते, लाळ व घाम सुटतो, उलट्या होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वसनाचे स्नायू थकतात. कीटक मरतो तो याच क्रियेने. मनुष्याच्या मज्जासंस्थेतही तीच यंत्रणा असल्याने धोका दोघांना आहे.

यात दिलासा देणारी गोष्ट एवढीच की लक्षणे दिसण्याच्या आधीच रक्तातील या विकराची पातळी घसरू लागते. म्हणजे एका साध्या रक्तचाचणीने धोका वेळेवर ओळखता येतो. पातळी घसरलेल्या माणसाला काही आठवडे फवारणीपासून दूर ठेवले, तर ती पुन्हा भरून येते. विषबाधा झालीच तर ॲट्रोपिन हे परिणामकारक औषध उपलब्ध आहे. परंतु प्रत्येक कीटकनाशकाला असा उतारा नसतो. डायफेन्थ्युरॉनसारख्या रसायनांवर विशिष्ट प्रतिविष नाही. डॉक्टरांना केवळ लक्षणांवर उपचार करावे लागतात.

दीर्घकालीन परिणामांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेनचा समावेश कर्करोगकारक गटात केला. मॅलेथिऑन, डीडीटी आणि ग्लायफोसेट हे तणनाशक यांचा समावेश ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात झाला. परीक्षेच्या दृष्टीने येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. हे वर्गीकरण पुरावा किती सबळ आहे ते सांगते. किती संपर्काने किती धोका होतो, हे ते सांगत नाही. तो धोका संपर्काच्या प्रमाणावर अवलंबून असतो. आणि रोज आठ तास फवारणाऱ्या मजुराचा संपर्क भाजी विकत घेणाऱ्या ग्राहकाच्या संपर्कापेक्षा अनेक पटींनी अधिक असतो. आपल्याकडे चर्चा मात्र भाजीतील अंशांचीच अधिक होते.

हिवतापाची फवारणी आणि एक विसरलेला धडा

देशात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला. त्यासाठी लागणाऱ्या डीडीटीच्या उत्पादनाकरिता १९५४ मध्ये हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली. पुढे महाराष्ट्रात रसायनी येथेही तिचा कारखाना उभा राहिला. शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ मध्ये थांबविण्यात आला, तरी रोगनियंत्रणासाठी तो चालू राहिला. डीडीटीला डास दाद देईनासे झाले तेथे मॅलेथिऑन आणि नंतर पायरेथ्रॉइड गटातील रसायने आली. डीडीटीची मात्रा भिंतीच्या एका चौरस मीटरला १ ग्रॅम, तर अल्फासायपरमेथ्रिनची अवघी २५ मिलिग्रॅम असते. मात्रा कमी झाली, रसायनही तुलनेने सौम्य आले. तरीही या गटातील रसायने हाताळणाऱ्यांना चेहऱ्याची आग होणे, मुंग्या येणे हा त्रास होतो.

या कार्यक्रमाने असंख्य जीव वाचविले, यात शंका नाही. मंडला जिल्ह्यात २०१७ मध्ये सुरू झालेल्या हिवताप निर्मूलन प्रात्यक्षिक प्रकल्पाने तपासणी, उपचार, मच्छरदाण्या आणि फवारणी यांची सांगड घालून दुर्गम आदिवासी भागातही हिवताप आटोक्यात आणता येतो, हे दाखवून दिले. प्रश्न फवारणी करावी की नाही, हा नाही. ती करणाऱ्याचे रक्षण कसे करावे, हा आहे.

या संदर्भात पाकिस्तानातील १९७६ सालची घटना प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्याने अभ्यासावी अशी आहे. तेथील हिवताप कार्यक्रमात सुमारे ७,५०० कामगार मॅलेथिऑनची फवारणी करीत होते. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात त्यांपैकी सुमारे २,८०० जणांना विषबाधा झाली आणि किमान पाच जण दगावले. मॅलेथिऑन तर मनुष्याला तुलनेने कमी घातक समजले जाते. मग असे का घडले? तपासात आढळले की काही साठ्यांतील भुकटीत आयसोमॅलेथिऑन हे अशुद्ध द्रव्य तयार झाले होते, आणि त्यामुळे तिची विषारी शक्ती कित्येक पटींनी वाढली होती. त्यात कामगारांचे कपडे व हात औषधाने भिजत होते. अधिक विषारी ठरलेली भुकटी बाजूला काढण्यात आली, काम करण्याच्या पद्धती सुधारण्यात आल्या, आणि विषबाधेचे प्रमाण आटोक्यात आले.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे डब्यावर छापलेले नाव पुरेसे नसते. साठवण, उष्णता आणि शुद्धता यांवर खरा धोका ठरतो. दुसरी म्हणजे विषबाधेचे कारण कामगाराच्या ‘निष्काळजीपणा’त शोधणे सोपे असले, तरी तपासाने व्यवस्थेतील दोष दाखविता येतो आणि तो दुरुस्तही करता येतो. तेथे तपास होऊ शकला, कारण सर्व कामगार एका कार्यक्रमाच्या नोंदीत होते.

यवतमाळ, २०१७

आता नर्मदेकडून वर्धा-पैनगंगेच्या खोऱ्याकडे वळू. १९५६ पर्यंत जबलपूर आणि यवतमाळ एकाच प्रांतात होते. राज्ये वेगळी झाली, तरी कापूस, हिवताप आणि मजुरी यांचे प्रश्न दोन्हीकडे ओळखीचे आहेत.

२०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्यांना एकामागून एक रुग्णालयात दाखल करावे लागले. रुग्णांची संख्या शेकड्यांत गेली आणि एकट्या या जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. मृतांत अल्पभूधारक शेतकरी होते, तसेच दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणारे मजूरही होते. काहींच्या दृष्टीवर परिणाम झाला होता. राज्य शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले.

या दुर्घटनेला एकच कारण नव्हते. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्यानंतर बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या होत्या. पण कालांतराने गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती मिळविली आणि फवारण्या पुन्हा वाढल्या. त्या वर्षी कपाशीची वाढ डोक्याएवढी झाली होती. त्यामुळे फवारा खाली पिकावर न पडता तोंडासमोर आणि डोक्यावर येत होता. बॅटरीवर चालणाऱ्या पंपांनी तुषार अधिक बारीक केले आणि कमी वेळात अधिक क्षेत्र उरकता येऊ लागले. साहजिकच एका मजुराचा दिवसभराचा संपर्क वाढला. दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवण्याची पद्धत रूढ झाली होती, आणि कृषी सेवा केंद्रातील विक्रेता हाच बहुतेकांचा सल्लागार होता. त्यात दमट उष्मा. अशा हवेत रबरी हातमोजे आणि जाड अंगरखा घालून दिवसभर काम करणे किती जणांना शक्य आहे?

शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळसह विदर्भातील पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण, डायफेन्थ्युरॉन यांसह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. ही मुदत साठच दिवसांची का, हे अनेकांना कोडे वाटते. त्याचे उत्तर १९६८ च्या कीटकनाशके अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आहे. तातडीच्या प्रसंगी विक्री थांबविण्याचा अधिकार राज्याला आहे, पण तो मर्यादित काळापुरता. कायमची बंदी केंद्र सरकारच घालू शकते. केंद्राने २०२३ च्या आदेशाने मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा निर्णय घेतला आणि शिल्लक साठ्याच्या विक्रीसाठी मुदत दिली. यवतमाळच्या घटनेला तोवर सहा वर्षे लोटली होती.

त्या वेळी आणखी एक उणीव ठळकपणे पुढे आली. कोलिनेस्टरेजच्या ज्या साध्या चाचणीचा उल्लेख मी मघाशी केला, ती जिल्हा पातळीवर सहज उपलब्ध नव्हती. लक्षणांवरून उपचार करणे आणि रक्तातील पातळी पाहून उपचार करणे यांत फार अंतर आहे.

रुग्णालयाची फरशी

कीटकनाशकांच्या मानाने जंतुनाशके निरुपद्रवी वाटतात. घराघरांत फिनेल आणि ब्लीचिंग पावडर असते, हे त्याचे कारण. परंतु घरात बादलीभर पाण्यात टोपणभर फिनेल टाकणे वेगळे आणि बंद वॉर्डात दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षे ते हाताळणे वेगळे.

दुर्बिणीसारखी नाजूक उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे ग्लुटारल्डिहाइड हे दमा निर्माण करणारे सुपरिचित रसायन आहे. शस्त्रक्रियागृहात धुरी देण्यासाठी आणि शरीररचनाशास्त्र विभागात वापरल्या जाणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचा समावेश २००४ मध्ये कर्करोगकारक पदार्थांत करण्यात आला. एकदाच वापरायची उपकरणे निर्जंतुक करणारा इथिलीन ऑक्साइड वायूही त्याच गटात आहे. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचिंगचे द्रावण, याहून साधे. पण स्वच्छतागृह धुताना त्यात ॲसिड मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. अमोनियायुक्त द्रव मिसळला तर क्लोरामाइन तयार होते. दोन्ही वायू फुप्फुसांना इजा करतात. अधिक स्वच्छता व्हावी या सद्हेतूनेच हे मिश्रण बहुधा केले जाते, हे विशेष.

दीर्घकालीन परिणामांविषयी दोन अभ्यास लक्षात ठेवण्याजोगे आहेत. युरोपातील सहा हजारांहून अधिक व्यक्तींची वीस वर्षे पाहणी करून नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला. सफाईचे काम करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची कार्यक्षमता इतर स्त्रियांच्या तुलनेत अधिक वेगाने घटते, असे त्यांना आढळले. ही घट १० ते २० वर्षे रोज २० सिगारेटी ओढण्याने होणाऱ्या घटीशी तुलना करण्याजोगी होती. २०१९ मध्ये अमेरिकेतील ७३ हजारांहून अधिक परिचारिकांच्या पाहणीतून असे दिसले की जंतुनाशकांचा नियमित वापर करणाऱ्यांमध्ये श्वसनमार्गाच्या दीर्घकालीन अवरोधक विकाराचे प्रमाण सुमारे २५ ते ३८ टक्क्यांनी अधिक होते.

कोविडच्या काळात या विषयाकडे सर्वांचे लक्ष गेले, पण वेगळ्या कारणाने. मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांवर जंतुनाशक द्रावण फवारण्यात आले. ठिकठिकाणी निर्जंतुकीकरणाचे बोगदे उभारले गेले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये माणसांवर अशी फवारणी करू नये, असे स्पष्ट केले. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा बोगद्यांवर निर्बंध आणण्याचे निर्देश केंद्राला दिले. एकदाच अंगावर पडलेल्या फवाऱ्याने देश हळहळला, ते योग्यच झाले. परंतु तोच फवारा रोज हातात धरणाऱ्या सफाई कामगाराच्या फुप्फुसांची तपासणी तेव्हा कितीशी झाली, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

कायदा काय सांगतो?

१९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेले अन्नधान्य खाऊन शंभराच्या आसपास माणसे दगावली. धान्य आणि कीटकनाशक यांची वाहतूक एकाच जहाजातून झाली होती. या दुर्घटनेच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशके अधिनियम आणि १९७१ चे नियम आले. बुरशीनाशके आणि तणनाशकेही याच कायद्याखाली येतात. त्याच्या तरतुदी आजही वाचण्यासारख्या आहेत. नियम ३७ नुसार कीटकनाशकांशी संपर्क येणाऱ्या कामगाराची कामावर घेण्यापूर्वी आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. सेंद्रिय फॉस्फरस किंवा कार्बामेट गटाशी संबंध येणाऱ्यांच्या कोलिनेस्टरेजचे मापन दरमहा झाले पाहिजे. त्यापुढील नियमांत संरक्षक कपडे, श्वसनसाधने, प्रतिविषाचा साठा, प्रशिक्षण आणि रिकाम्या डब्यांची विल्हेवाट यांची तरतूद आहे. कलम २६ नुसार विषबाधेच्या घटना कळविणे राज्य शासन बंधनकारक करू शकते.

डब्यावरील रंगीत त्रिकोण आपल्या परिचयाचा आहे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे सौम्य विषारी. हे रंग तत्काळ मारक मात्रेवर ठरतात. रोजच्या अल्प संपर्काने होणारा परिणाम किंवा दोन औषधे कालवल्यानंतरचा परिणाम ते सांगत नाहीत.

जंतुनाशके मात्र या कायद्यात येत नाहीत. फिनेलसारख्या द्रवांची मानके औषधविषयक १९४५ च्या नियमांतील अनुसूची ‘ओ’ मध्ये आहेत, आणि ती मुख्यतः जंतू मारण्याच्या क्षमतेवर बेतलेली आहेत. रुग्णालयीन कामगारांना जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ चा काही आधार मिळतो. कचरा हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी त्या नियमांनी आवश्यक केली आहे.

कारखान्यांतील धोकादायक प्रक्रियांसाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ मध्ये स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. तो कायदा आणि इतर अनेक कायदे आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावले गेले असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. ठरावीक वयावरील कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद त्यात आहे. परंतु तिची रचना सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेवर उभी आहे. दोन एकर कपाशीत एकट्याने फवारणी करणारा मजूर या चौकटीत कोठे बसतो?

नुकसानभरपाईचेही तसेच. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या अनुसूचींत शेतीतील कीटकनाशक फवारणीचे काम आणि सेंद्रिय फॉस्फरसची विषबाधा या दोहोंचा समावेश होता. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. मजुराचा हक्क कागदावर आहे. तो मिळविण्यासाठी मात्र मालक कोण, हे सिद्ध करावे लागते. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे. पण ती सातबाऱ्यावरील खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. भूमिहीन मजूर तिच्या कक्षेबाहेर राहतो.

भोपाळची आठवण

कामगाराला झालेली इजा ही पुष्कळदा समाजाला मिळालेली पहिली सूचना असते. भोपाळचा युनियन कार्बाइड कारखाना सेव्हिन हे कीटकनाशक बनवीत असे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री तेथून मिथाइल आयसोसायनेट सुटले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधी, डिसेंबर १९८१ मध्ये, त्याच कारखान्यात फॉस्जीनच्या गळतीने एका कामगाराचा मृत्यू झाला होता. ती सूचना गांभीर्याने घेतली गेली असती तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

या प्रकरणाशी जबलपूरचा निकटचा संबंध आहे. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी डिसेंबर १९८७ मध्ये कंपनीला ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचा आदेश दिला. एप्रिल १९८८ मध्ये येथील उच्च न्यायालयाने ती रक्कम २५० कोटी केली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये याच उच्च न्यायालयाने कारखान्यातील विषारी कचरा हलविण्यासाठी निर्वाणीची मुदत दिली. जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ३३७ टन कचरा पीथमपूरला नेण्यात आला आणि पुढील काही महिन्यांत तो जाळण्यात आला. हा कचरा भरणाऱ्या सुमारे शंभर कामगारांना संरक्षक पोशाख देण्यात आले होते. त्यांच्या पाळ्या तीस-तीस मिनिटांच्या ठेवल्या होत्या आणि त्यांच्या आरोग्याची तपासणीही झाली.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. न्यायालयाचे लक्ष आणि शासनाची इच्छा असेल, तर विष हाताळणाऱ्या माणसाचे रक्षण आपल्या देशात, आपल्याच व्यवस्थेत करता येते. कीटकनाशकांचा कचरा भरण्यासाठी तीस मिनिटांची पाळी आणि तशाच रसायनांची फवारणी करण्यासाठी अख्खा दिवस, ही तफावत विज्ञानाने निर्माण केलेली नाही.

काय करता येईल?

व्यावसायिक आरोग्यशास्त्रात उपायांचा एक क्रम मानला जातो. धोका मुळातून दूर करणे, ते शक्य नसेल तर सौम्य पर्याय वापरणे, मग यंत्ररचना सुधारणे, नंतर कामाच्या पद्धती बदलणे, आणि सर्वांत शेवटी हातमोजे, मुखपट्टी यांसारखी साधने. आपल्याकडे हा क्रम उलटा लागतो. साधनांचे वाटप छायाचित्रासह पार पडते आणि पहिले चार उपाय मागे राहतात.

शेतात कामगंध सापळे, निंबोळी अर्क आणि आर्थिक नुकसानीची पातळी पाहूनच फवारणी, ही एकात्मिक कीड व्यवस्थापनाची त्रिसूत्री आहे. एक फवारणी वाचली की एका मजुराचा एक दिवसाचा संपर्क वाचतो. फवारणी करायचीच असेल तर ती सकाळी अथवा संध्याकाळी, वाऱ्याची दिशा पाहून, लांब दांड्याने करावी आणि काम संपताच अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. गळका पंप दुरुस्त करण्यास फार खर्च येत नाही. रुग्णालयात जेथे वाफेने निर्जंतुकीकरण होऊ शकते तेथे रसायन टाळावे. सामान्य वावराच्या जागी साबण-पाणी पुरेसे ठरते. रसायनांच्या खोलीत हवा खेळती हवी, आणि ब्लीचिंग व ॲसिड एका बादलीत मिसळू नये, ही सूचना कामगाराच्या भाषेत भिंतीवर हवी.

परंतु यापेक्षा महत्त्वाची गोष्ट नोंदीची आहे. संरक्षण मालकाच्या नावाला न जोडता कामाच्या स्वरूपाला जोडले पाहिजे. ग्रामपंचायतीत फवारणी करणाऱ्यांची यादी असावी. हंगामाच्या आरंभी आणि मध्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांच्या कोलिनेस्टरेजची तपासणी व्हावी. विषबाधेचा प्रत्येक रुग्ण कळविणे कलम २६ खाली बंधनकारक व्हावे आणि त्या नोंदीत रसायनाचे नाव असावे. कंत्राटी सफाई कामगाराचे आरोग्यपत्रक कंत्राटदार बदलला तरी त्याच्यासोबत राहावे. यांपैकी कशालाही नवे तंत्रज्ञान लागत नाही.

डॉक्टरांचीही यात भूमिका आहे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत ‘तू काम काय करतोस?’ या प्रश्नाची भर घालावी, असे त्यांनी त्यात सुचविले. तीन शतके उलटूनही आपल्या बाह्यरुग्ण विभागातील कागदावर या प्रश्नासाठी बहुधा रकाना नसतो. खोकला आहे म्हणून औषध दिले जाते, आणि दुसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा त्याच बादलीशी उभी राहते.

विद्यार्थी मित्रहो, संविधानाच्या अनुच्छेद ३९ (ङ) मध्ये कामगारांच्या आरोग्याचा व शक्तीचा दुरुपयोग होऊ नये, असे तत्त्व सांगितले आहे. अनुच्छेद ४२ न्याय्य व मानवी कार्यस्थितीची हमी मागतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२२ मध्ये सुरक्षित व निरोगी कार्यस्थळ हे मूलभूत तत्त्व म्हणून स्वीकारले. या तरतुदी आपण परीक्षेसाठी पाठ कराल, आणि ते आवश्यकही आहे.

पण आपल्यापैकी काही जण उद्या तहसीलदार, कृषी अधिकारी, वैद्यकीय अधीक्षक किंवा कामगार अधिकारी म्हणून खुर्चीत बसतील. तेव्हा तीन प्रश्न स्वतःहून विचारावेत, एवढीच माझी विनंती आहे. माझ्या क्षेत्रात विष हाताळणारी माणसे किती? त्यांची नावे कोणत्या नोंदवहीत आहेत? त्यांची शेवटची तपासणी केव्हा झाली? पहिल्या दिवशी बहुधा तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळणार नाही. ते मिळेपर्यंत विचारत राहणे हेच त्या पदाचे पहिले काम समजावे.